नव्वद ग्रॅम ग्लुकोज, शहाण्णव ग्रॅम ऑक्सिजन : पेशीश्वसनातील वायूंचा हिशेब

प्रश्न खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून ती आता बेळगावात पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), विज्ञान शाखेत आहे. चाचणी परीक्षेत तिला असे विचारले होते : "९० ग्रॅम ग्लुकोजचे पेशीत पूर्ण ऑक्सिडीभवन झाले, तर किती ग्रॅम ऑक्सिजन वापरला जाईल आणि किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल?" समीकरणात दोन्ही वायूंपुढे ६ हा आकडा आहे, म्हणून तिने ९० ला ६ ने गुणले आणि दोन्ही ठिकाणी ५४० ग्रॅम लिहिले. उत्तर चुकले. नंतर फळ्यावर लिहून दिलेले ९६ ग्रॅम आणि १३२ ग्रॅम हे बरोबर उत्तर तिने वहीत उतरवून घेतले, पण ते तिला पटलेले नाही. दोन्हीकडे सहाच असतील तर दोन्ही वायू सारखे का नाहीत, आणि ९० ग्रॅम ग्लुकोजमधून १३२ ग्रॅम वायू निघतोच कसा, अशी तिची शंका आहे. शेवटी तिने आणखी एक गोष्ट विचारली आहे : जीवशास्त्राच्या तासाला श्वसनाच्या ज्या पायऱ्या शिकवतात, त्यांत ग्लुकोज आणि ऑक्सिजन कुठेच समोरासमोर येत नाहीत, मग हे समीकरण खरे कसे मानायचे?

मी बेळगावात तीस वर्षांहून अधिक काळ पी.यू.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवले. ५४० ग्रॅम हे उत्तर मी दरवर्षी पाहिले आहे, आणि तेही हुशार मुलांच्या उत्तरपत्रिकांत. तुमची चूक ही निष्काळजीपणाची नव्हे. समीकरणातला आकडा कशाची मोजदाद करतो, हे तुम्हाला कोणी नीट सांगितले नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. तुमची तिसरी शंका मात्र फार थोडे विद्यार्थी विचारतात, आणि मला विचाराल तर तीच सर्वांत महत्त्वाची आहे; म्हणून तिच्यासाठी मी अधिक जागा घेणार आहे.

प्रथम समीकरण पाहू. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. संतुलित समीकरण शब्दांत असे लिहिता येते :

१ ग्लुकोज + ६ ऑक्सिजन → ६ कार्बन डायऑक्साइड + ६ पाणी

यातला प्रत्येक आकडा रेणूंची संख्या सांगतो, वजन सांगत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या रस्त्यांवर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगा लागतात. एका गाडीला दोन बैल, हे प्रमाण एकास दोन आहे. पण म्हणून गाडी चार क्विंटलची असेल तर तिचे बैल मिळून आठ क्विंटलचे असलेच पाहिजेत, असे कोणी म्हणत नाही. गाड्या किती हे कळले की बैल किती हे कळते. बैलांचे एकूण वजन हवे असेल, तर एका बैलाचे वजन वेगळे माहीत असावे लागते. तुम्ही ९० ग्रॅमला थेट ६ ने गुणले, तेव्हा गाडीच्या वजनाला दोनाने गुणून बैलांचे वजन काढण्यासारखे झाले.

म्हणून हिशेबाचा मार्ग नेहमी वजनाकडून संख्येकडे, संख्येकडून संख्येकडे आणि मग पुन्हा वजनाकडे असा जातो. रेणू एकेक करून मोजता येत नाहीत, त्यामुळे ते ढिगाने मोजायचे, आणि त्या ढिगाला मोल म्हणायचे : एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात. एका मोलचे ग्रॅममधील वजन हे अणूंच्या वजनांची बेरीज करून मिळते. कार्बन १२, हायड्रोजन १ आणि ऑक्सिजन १६ धरले, तर ग्लुकोजचे ७२ अधिक १२ अधिक ९६, म्हणजे १८० ग्रॅम; ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून ३२ ग्रॅम; कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम; आणि पाण्याचे १८ ग्रॅम.

आता तुमचे उदाहरण. ९० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ९० भागिले १८०, अर्थात ०.५ मोल. एका मोल ग्लुकोजला सहा मोल ऑक्सिजन लागतो, म्हणून अर्ध्या मोलला ३ मोल लागेल. ३ गुणिले ३२ म्हणजे ९६ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइडही ३ मोलच, पण त्याचा एक मोल ४४ ग्रॅमचा असल्याने १३२ ग्रॅम. पाणी ३ मोल, म्हणजे ५४ ग्रॅम. दोन्ही वायूंची संख्या सारखी असूनही वजने वेगळी का, याचे उत्तर इथेच आहे. उत्तर लिहून झाल्यावर एक बेरीज करण्याची सवय लावून घ्या : डावीकडे ९० आणि ९६ मिळून १८६, उजवीकडे १३२ आणि ५४ मिळून १८६. ५४० ग्रॅमचे उत्तर लिहिल्यावर हीच बेरीज केली असती, तर डावीकडे ६३० झाले असते आणि उजवीकडे पाण्याचेही तसेच ५४० धरून १,०८०. चूक तिथल्या तिथे तुमच्या नजरेस आली असती. (अणूंची अधिक अचूक वजने घेतली, तर ९६ च्या जागी ९५.९ आणि १३२ च्या जागी १३१.९ येते, पी.यू.च्या पातळीवर पूर्णांक पुरेसे आहेत.)

९० ग्रॅममधून १३२ ग्रॅम कसे निघतात, हे आता सोपे आहे, पण घाईने सोडून देण्यासारखे नाही. ९० ग्रॅम ग्लुकोजमध्ये कार्बन ३६ ग्रॅम, हायड्रोजन ६ ग्रॅम आणि ऑक्सिजन ४८ ग्रॅम असतो. बाहेर पडणाऱ्या १३२ ग्रॅम वायूत कार्बन तेवढाच, म्हणजे ३६ ग्रॅम आहे. उरलेले ९६ ग्रॅम ऑक्सिजनचे वजन आहे. ग्लुकोजचा कार्बन बाहेर पडताना आपल्या वजनाच्या पावणेतीनपटीहून किंचित कमी इतका ऑक्सिजन बरोबर घेऊन जातो, म्हणून वायू मूळ पदार्थापेक्षा जड भरतो. चुलीत लाकूड जळून मूठभर राख उरते तेव्हा लाकूड नाहीसे झाले असे आपल्याला वाटते, कारण धुराड्यातून गेलेल्या वायूंचे वजन आपण कधी केलेले नसते. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात गणितज्ञ लाप्लास याच्यासह गिनीपिगला बर्फाच्या उष्णतामापकात ठेवून, त्याच्या उष्णतेने वितळलेले बर्फ आणि त्याने बाहेर टाकलेला वायू यांची कोळशाच्या ज्वलनाशी तुलना केली होती. श्वसन हे मंद ज्वलन आहे, या विचाराला त्या प्रयोगाने वजनांचा आधार दिला.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात पदवीचे विद्यार्थीही अडकतात. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ९६ ग्रॅम आणि श्वासातून घेतलेला ऑक्सिजनही ९६ ग्रॅम. आकडे इतके तंतोतंत जुळतात की, आत घेतलेला ऑक्सिजनच कार्बनला चिकटून बाहेर पडतो, असे कोणालाही वाटावे. तसे होत नाही. आत घेतलेला ऑक्सिजन पाण्यात जातो. तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर याच वाक्यात दडलेले आहे.

जीवशास्त्राच्या तासाला शिकवलेल्या पायऱ्या आता हिशेबाच्या नजरेने पाहा. पहिली पायरी, ग्लायकोलिसिस, पेशीद्रवात घडते : सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुवेट होतात. या पायरीत कार्बन डायऑक्साइडचा एकही रेणू निघत नाही आणि ऑक्सिजनचाही एकही लागत नाही. पुढे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) प्रत्येक पायरुवेटमधून एक कार्बन सुटतो आणि असिटाइल को-एन्झाइम ए तयार होते. दोन पायरुवेटचे मिळून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू झाले. उरलेले चार कार्बन क्रेब्ज चक्रात सुटतात. दोन आणि चार मिळून सहा. समीकरणाच्या उजवीकडचा पहिला ६ इथे पूर्ण झाला, आणि अजूनही हवेतल्या ऑक्सिजनची गाठ पडलेली नाही. मग कार्बनला लागणारा ऑक्सिजन आला कुठून? अर्धा ग्लुकोजमध्ये आधीच होता आणि अर्धा या पायऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या पाण्यातून आला.

दरम्यान ग्लुकोजमधला आणि त्या पाण्यातला हायड्रोजन जोडी-जोडीने वाहक रेणूंवर चढतो. एनएडीएच आणि एफएडीएच-२ ही या भरलेल्या वाहकांची नावे. ग्लायकोलिसिसमध्ये एनएडीएचच्या २ जोड्या, पायरुवेटच्या पायरीत २, क्रेब्ज चक्रात ६, अशा १० झाल्या. त्यांत एफएडीएच-२ च्या २ मिळवल्या की १२ जोड्या होतात. या बाराही जोड्या शेवटी इलेक्ट्रॉन वहन साखळीवर पोहोचतात. साखळीच्या अगदी टोकाला ऑक्सिजन उभा असतो. एका जोडीला ऑक्सिजनचा एक अणू, म्हणजे अर्धा रेणू लागतो, आणि पाण्याचा एक रेणू बनतो. बारा जोड्यांना बारा अर्धे, म्हणजे नेमके सहा रेणू ऑक्सिजन, आणि पाणी बारा रेणू. समीकरणाच्या डावीकडचा ६ कुठून आला, हे विद्यार्थ्यांना इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसते. मी वर्गात ही बेरीज फळ्यावर मांडत असे, तेव्हा बारा अर्धे म्हणजे सहा या ओळीशी आले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करून पाहायची.

म्हणून अधिक प्रामाणिक समीकरण असे आहे :

१ ग्लुकोज + ६ ऑक्सिजन + ६ पाणी → ६ कार्बन डायऑक्साइड + १२ पाणी

दोन्ही बाजूंचे सहा-सहा पाणी वजा केले की पाठ्यपुस्तकातले समीकरण उरते. तुमच्या ९० ग्रॅम ग्लुकोजपुरते बोलायचे, तर ५४ ग्रॅम पाणी आत गेले आणि १०८ ग्रॅम बाहेर आले. निव्वळ वाढ ५४ ग्रॅमचीच. त्या १०८ ग्रॅम पाण्यातला ऑक्सिजन ९६ ग्रॅम भरतो, आणि तोच तुम्ही श्वासातून घेतलेला. कार्बन डायऑक्साइडमधल्या ९६ ग्रॅमपैकी ४८ ग्रॅम ग्लुकोजचे आणि ४८ ग्रॅम पाण्याचे. वायूंच्या वजनांच्या उत्तरात यामुळे कणभरही फरक पडत नाही, कारण स्टॉइकिओमेट्री, म्हणजे समीकरणावरून केलेला हा हिशेब, फक्त आरंभ आणि शेवट यांचा हिशेब ठेवते, मधल्या वाटेचा नाही. बेळगावहून निपाणीला तुम्ही महामार्गाने गेलात काय किंवा चिकोडीवरून गेलात काय, निघताना आणि पोहोचताना गाडीत माणसे किती, हे वाटेवर अवलंबून नसते. वाटेत कोणी उतरले किंवा चढले नाही, एवढीच अट. पेशीतही तीच अट आहे. ग्लुकोजचे काही कार्बन मध्येच मेद किंवा अमिनो आम्ले बनवण्यासाठी वळवले गेले, तर तेवढ्या ग्लुकोजला हे समीकरण लागू होत नाही. प्रश्नात "पूर्ण ऑक्सिडीभवन" हे शब्द असतात ते यासाठीच, आणि ते शब्द वाचल्याशिवाय गणिताला हात घालू नये.

आणखी एक शंका वर्गात हमखास निघते : ग्लुकोजपासून ऊर्जा मिळते, मग ते वजन ऊर्जेत जाते का? नाही. एक मोल ग्लुकोजच्या पूर्ण ऑक्सिडीभवनातून सुमारे २,८०० ते २,९०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तिच्याशी समतुल्य वस्तुमान काढले तर ते एका ग्रॅमच्या सुमारे तीन कोटी भागांपैकी एक भाग येते. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या साध्या तराजूवर ते दिसणार नाही. पेशी या ऊर्जेतून जे एटीपीचे रेणू बनवते, ते एका ग्लुकोजमागे ३८ धरा की ३० ते ३२ धरा, त्यानेही वायूंचे वजन बदलत नाही.

वजनाकडून आकारमानाकडे वळताना मात्र आपल्या भागात राहणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यायला हवी. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, हे सर्वांना पाठ असते, आणि मुले हा आकडा कुठेही वापरतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो, आणि २५ अंश तापमानाला एक मोल वायू इथे सुमारे २६.८ लिटर जागा घेतो. तुमचे ३ मोल कार्बन डायऑक्साइड पुस्तकात ६७.२ लिटर असेल, बेळगावच्या प्रयोगशाळेत ते ८० लिटरच्या घरात जाईल; वजन मात्र दोन्हीकडे १३२ ग्रॅमच. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की वायूचा हिशेब मोलमध्ये आणि ग्रॅममध्ये पक्का करावा, आणि लिटरमध्ये शेवटी, तापमान आणि दाब लिहूनच उत्तर द्यावे.

आता अशी एक जागा पाहू, जिथे हाच हिशेब माणसाच्या जिवाशी येतो. अथणी, रायबागकडच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आणि पलीकडे सांगली-सोलापूरकडे जोंधळा पेवात, म्हणजे जमिनीखालच्या बंद खड्ड्यात, साठवण्याची जुनी रीत होती. कन्नडमध्ये त्याला हगेवु म्हणतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच होती. पेव उघडल्यावर जुनी माणसे लगेच आत उतरत नसत. तोंड मोकळे ठेवून ते वारा खाऊ देत, आणि कंदील दोरीने खाली सोडून पाहत. आत काय झालेले असते, ते आकड्यांत मांडून पाहा.

समजा पेवात १० घनमीटर जोंधळा भरला आहे. तो ढोबळमानाने सत्तर क्विंटल होईल. दाण्यांच्या मधल्या फटींत साधारण ४० टक्के जागा हवेची असते, म्हणजे ४ घनमीटर किंवा ४,००० लिटर हवा. तो मुलूख बेळगावपेक्षा सखल आहे, म्हणून एका मोलला २६ लिटर धरले, तर ही सुमारे १५४ मोल हवा झाली, आणि तिच्यातला २१ टक्के ऑक्सिजन सुमारे ३२ मोल, म्हणजे १,०२४ ग्रॅम. जोंधळ्याचा दाणा जिवंत असतो. तो श्वसन करतो, आणि त्याच्यावरची बुरशी आणि आतले किडे त्याहून अधिक करतात. इथे वापरला जाणारा पदार्थ सुटे ग्लुकोज नसून पिष्ट आहे. पिष्टाच्या साखळीत ग्लुकोजचा प्रत्येक दुवा जोडला जाताना पाण्याचा एक रेणू गळून पडलेला असतो, त्यामुळे दुव्याचे वजन १८० नव्हे, १६२ धरायचे. ३२ मोल ऑक्सिजनला ३२ भागिले ६, म्हणजे ५.३३ मोल दुवे पुरतात. त्यांचे वजन ८६४ ग्रॅम.

सत्तर क्विंटल जोंधळ्यातले ८६४ ग्रॅम पिष्ट म्हणजे दर आठ किलोमागे जेमतेम एक ग्रॅम. बाहेरून नवी हवा आली नाही, तर एवढ्यानेच पेवातला सगळा ऑक्सिजन संपतो. धान्याच्या वजनात कोणाला काही कळत नाही, चवीत कळत नाही, आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक मोलच्या जागी कार्बन डायऑक्साइडचा एक मोल आल्यामुळे आतल्या दाबातही फरक पडत नाही. पण १,०२४ ग्रॅम ऑक्सिजन गेला आणि १,४०८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आला. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो, आणि त्याला रंग किंवा वास नसतो. हवेत तो १० टक्क्यांपर्यंत गेला तरी माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. आपल्या हिशेबात तो २१ टक्क्यांवर पोहोचला आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे जुन्या माणसांचे म्हणणे बरोबरच होते, पण कंदील तेवत राहिला म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. ज्योतीपुरता ऑक्सिजन शिल्लक असतानाही कार्बन डायऑक्साइड घातक पातळीवर असू शकतो. पेव असो, जुनी विहीर असो, की बंद टाकी असो, वायूमापक आणि हवा खेळवण्याची सोय नसेल तर आत उतरूच नये, आणि आत पडलेल्याला काढण्यासाठी दुसऱ्यानेही तसेच उतरू नये. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलाच पुष्कळदा दुसरा बळी ठरतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत पेवातला ऑक्सिजन हा मर्यादक अभिकारक आहे : जो आधी संपतो तोच क्रिया कुठे थांबणार हे ठरवतो. परीक्षेत हा प्रश्न असा येतो : ४५ ग्रॅम ग्लुकोज आणि ४० ग्रॅम ऑक्सिजन दिला आहे, कार्बन डायऑक्साइड किती? ४५ ग्रॅम ग्लुकोज ०.२५ मोल आहे आणि त्याला १.५ मोल, म्हणजे ४८ ग्रॅम ऑक्सिजन हवा. आहे ४० ग्रॅमच. तेव्हा ग्लुकोज विसरा आणि ऑक्सिजनकडून हिशेब करा : १.२५ मोल ऑक्सिजन, म्हणून १.२५ मोल, अर्थात ५५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज ३७.५ ग्रॅम खर्ची पडले आणि ७.५ ग्रॅम तसेच उरले. दोन्ही अभिकारकांची वजने दिलेली दिसली की हा प्रश्न मर्यादक अभिकारकाचा आहे, हे ओळखावे.

ऑक्सिजन संपल्यावर दाणे आणि यीस्ट लगेच थांबत नाहीत. त्यांचे विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनशिवायचे, श्वसन सुरू होते. तेव्हा ग्लुकोजचा एक रेणू इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू देतो : १८० ग्रॅमपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. ऑक्सिजन शून्य लागला, तरी वायू वाढतच राहिला. वरच्या पेवात दाब आता चढू लागेल. आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल बनते तेव्हा मात्र १८० ग्रॅम ग्लुकोजचे १८० ग्रॅम आम्लच होते आणि वायू मुळीच निघत नाही. एवढ्यावरून कळेल की "श्वसन" हा शब्द दिसताच ६ आणि ६ लिहून मोकळे होता येत नाही.

पदार्थ बदलला तरी आकडे बदलतात. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. त्याच्या एका मोलचे वजन ३४२ ग्रॅम आहे, दोन ग्लुकोजच्या ३६० पेक्षा पाण्याच्या एका रेणूने कमी. दहा ग्रॅम साखरेला ११.२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि १५.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. तेला-तुपाची गोष्ट निराळी आहे. ट्रायपामिटिन या मेदाच्या एका मोलचे वजन ८०६ ग्रॅम, आणि त्याला ७२.५ मोल ऑक्सिजन लागून ५१ मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका ग्रॅम ग्लुकोजला एक ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन पुरतो, तर या मेदाच्या एका ग्रॅमला २.८८ ग्रॅम लागतो, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन जवळजवळ नाही. ५१ भागिले ७२.५ म्हणजे सुमारे ०.७, यालाच श्वसन गुणांक म्हणतात. पिष्ट आणि साखरेसाठी तो १ असतो.

विश्रांती घेत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे त्याचा गुणांक ०.८, तो पिष्ट आणि मेद दोन्ही वापरत आहे. ही आकारमाने प्रमाण तापमान आणि दाबाची असल्यामुळे इथे २२.४ चालते. दिवसाचा ३६० लिटर ऑक्सिजन म्हणजे १६ मोल, सुमारे ५१४ ग्रॅम. आणि २८८ लिटर कार्बन डायऑक्साइड म्हणजे १२.९ मोल, सुमारे ५६६ ग्रॅम. आकारमानाने कमी आणि वजनाने जास्त, ही गोष्ट तुमच्या पहिल्या शंकेचीच दुसरी बाजू आहे.

हे सगळे घरच्या स्वयंपाकघरात तपासून पाहता येते. एकाच पोत्यातली मटकी शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन वाट्यांत घ्या. एक वाटी तशीच ठेवा. दुसरीतली मटकी भिजवून, फडक्यात बांधून तीन-चार दिवस अंधारात मोड येऊ द्या. भिजवलेले पाणी टाकून न देता एका ताटलीत आटवून त्यातला अवशेषही जमेस धरा, नाहीतर विरघळून गेलेले वजन श्वसनाच्या नावावर चढेल. मग दोन्ही मटक्या मंद आचेवर किंवा कडक उन्हात, वजन आणखी घटेनासे होईपर्यंत सारख्याच वाळवा आणि तोला. मोडांची मटकी हलकी भरेल. ती घट पिष्टाची मानून तिला २६४ (सहा मोल कार्बन डायऑक्साइडचे वजन) भागिले १६२, म्हणजे १.६३ ने गुणा : पाच ग्रॅम घट आली, तर ८.१ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड त्या फडक्यातून निघून गेला आणि ५.९ ग्रॅम ऑक्सिजन आत आला. मटकीत प्रथिनेही असतात, त्यामुळे हा आकडा जवळपासचाच राहील. हा वायू प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर मोड आलेली मूठभर मटकी एका बरणीत घालून तिच्यात निवळ चुन्याच्या निवळीची वाटी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. सकाळी निवळीवर पांढरी साय धरलेली दिसेल. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि त्याच्या दर १०० ग्रॅममागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मटकीकडून आलेला असतो. आमच्या प्रयोगशाळेत एकदा निवळीऐवजी कॉस्टिक सोड्याची वाटी ठेवून तिचे वाढलेले वजन तोलले होते. वजन अपेक्षेपेक्षा बरेच जास्त भरले, कारण कॉस्टिक सोडा वायूबरोबर बरणीतला ओलावाही ओढून घेतो. तेव्हा तुम्ही निवळीच वापरा, साका गाळून, धुऊन, वाळवून तोला, आणि आलेल्या आकड्याला ०.४४ ने गुणा.